मिठाचा दरवाजा आणि मावशीचा चष्मा

पडद्यावरचा माणूस खरा की खोटा हे त्याच्या दातांवरून ओळखावं, असं मावशीचं ठाम मत होतं. मावशी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. गेली एकवीस वर्षं ती लोकांच्या कवळ्या आणि कॅपा बनवत होती, त्यामुळे कोणतीही मालिका लागली की इतर लोक चेहरे बघत आणि मावशी जबडे बघे. "तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणे, आणि भिकाऱ्याचे दात बघा! बत्तीसच्या बत्तीस एका मापाचे. कुणी बसवले, याच्या पणजोबांनी?" असं म्हणून तिने एका गाजलेल्या मालिकेला दहापैकी दोन गुण दिले होते. ते दोन घोड्यांना होते.

सिनेमांवरही तिची मतं होती, आणि किशोरांच्या कादंबऱ्यांवर तर विचारूच नका. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती सोळा वर्षांच्या मुलांची पुस्तकं वाचत असे आणि वर त्यांच्या लेखकांना झोडपत असे. पहिल्याच प्रकरणात आईबापांना मारून टाकणारा लेखक तिला आळशी वाटे. घरात विचारणारं कुणी उरलं नाही की पोरं हुंदडायला मोकळी, मग लेखकाला काय काम राहिलं? दोन मुलांमध्ये अडकलेल्या नायिकेला तिचा सल्ला होता की दोघांनाही घरी पाठव आणि अभ्यासाला बस. आणि तीन भागांची गोष्ट ओढूनताणून चार भागांत सांगणारे लेखक आणि अर्धवट माप घेऊन लॅबकडे पाठवणारे डॉक्टर हे तिच्या लेखी एकाच माळेचे मणी होते.

ही सगळी मतं ऐकायला तिला एक हक्काची श्रोती होती. तिच्या ताईची मुलगी. लहानपणी घरभर बिस्किटांचे तुकडे वेचत फिरायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, आणि आता सोळा वर्षांची होऊन मावशीपेक्षा उंच झाली तरी ती मुंगीच राहिली. मावशी दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. दर शनिवारी चार वाजता ती ताईकडे येई, कोचावर डावीकडे बसे, मुंगी उजवीकडे बसे, आणि दोघी मिळून एक भाग बघत. मग निळ्या पुठ्ठ्याची मतांची वही निघे. मावशी मत सांगे आणि मुंगी लिहून घेई. मुंगी अकरा वर्षांची असताना ही वही सुरू झाली होती, आणि पहिल्या पानावर तिच्या तेव्हाच्या वेड्यावाकड्या अक्षरात नियम होता: एकटीने पुढचं बघायचं नाही, शेवटचं पान आधी उघडायचं नाही, जी उघडेल तिने पुढच्या शनिवारी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. कोपऱ्यातली खुर्ची लाकडी होती आणि तिचा एक पाय आखूड होता.

हा नियम मावशी तीन वर्षं मोडत होती.

त्याचं असं झालं, की एकदा लागोपाठ तीन शनिवार मावशीचे अंदाज चुकले. ज्याला ती खुनी म्हणाली तो बिचारा पोस्टमन निघाला. तेव्हा तेरा वर्षांची मुंगी सहज म्हणाली, "म्हणजे तुलाही कळत नाही का गं?" मुलीच्या मनात काही नव्हतं, पण मावशीला ते फार लागलं. पुढच्या आठवड्यापासून ती शुक्रवारी लॅबमध्ये दातांच्या मापांच्या साच्यांत प्लास्टर ओतलं, की ते घट्ट होईपर्यंतच्या पाऊण तासात मोबाइल मेणाच्या डब्याला टेकवून नवा भाग बघू लागली. शनिवारी मग तिचा एकही अंदाज चुकेना. "बघ हं, हा आता उलटणार," ती म्हणायची, आणि चष्मा काढून पदराने नीट पुसायची, आणि तो माणूस उलटायचा. मुंगी डोळे विस्फारून तिच्याकडे बघायची. त्या बघण्यासाठी मावशीने आणखी दहा नियम मोडले असते.

सगळं छान चाललं होतं, आणि मावशीने स्वतःच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. लॅबमध्ये एका दवाखान्यातून मापं घेऊन एक मुलगी यायची. डॉक्टरांची मदतनीस. बोलायला गोड, कामाला चोख, आणि हसली की दिसायचं की दात सगळे स्वतःचे. मावशीने ताईला सांगितलं, ताईने मुलाला सांगितलं, आणि वर्षभरात ती मुलगी मावशीच्या भाच्याची बायको होऊन त्या घरात आली. "काय शोधून आणलीस गं!" ताई दहादा म्हणाली, आणि मावशी दहादा फुलली.

अकराव्यांदा फुलली नाही, कारण तोवर सूनबाई शनिवारी चार वाजता कोचावर येऊन बसली होती.

तेव्हा 'मिठाचा दरवाजा' चालू होता. चार जाडजूड पुस्तकांवरून केलेली मालिका. समुद्राखाली गेलेलं एक शहर, कुलपं उघडणारी एक किल्लीवाली पोर, बुरुजावर दिवा सांभाळणारा एक अबोल दिवेकरी, आणि सगळ्यांच्या मागे लागलेला एक कप्तान. मुंगीचा जीव दिवेकऱ्यावर. मावशी कप्तानाच्या बाजूची, कारण त्याचा समोरचा एक दात वाकडा होता आणि असा माणूस शब्द मोडत नाही असं तिचं म्हणणं. सूनबाईला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिच्या माहेरी टीव्ही वडिलांच्या ताब्यात, आणि त्यावर फक्त सामने आणि बातम्या. गोष्टीचं पुस्तक म्हणाल तर शाळेत धडा होता तेवढाच.

"हा कोण? हा मघाशी मेला होता ना?" तिने पाचव्या मिनिटाला विचारलं.

मावशी मनातल्या मनात खूश झाली. मध्येच बोलणाऱ्या माणसाचा मुंगीला किती राग येतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. सख्ख्या बापाला तिने एकदा खोलीबाहेर काढलं होतं. पण मुंगीने चक्क मालिका थांबवली. कागद घेतला, त्यावर शहराचा नकाशा काढला, बुरुज काढले, बाण काढले, आणि वहिनीच्या शेजारी सरकून तिला पहिल्यापासून सगळं समजावायला बसली. हात नाचवत, डोळे मोठे करत, मध्येच उठून कप्तानासारखं चालून दाखवत. पाच वर्षांत मावशीने तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मावशीसमोर ती ऐकायची.

मावशीने चहाचा घोट घेतला. चहा कडू लागला, आणि साखर तर तिने स्वतःच घातली होती.

पुढे दर शनिवारी नवं काहीतरी. मुंगीने वहिनीला पहिलं पुस्तक दिलं. ते तिने दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचून संपवलं आणि दुसरं मागितलं. चौथं मात्र, मालिकेचा शेवट आधी कळू नये म्हणून, मुंगीनेही अजून उघडलं नव्हतं. मग दोघींचे आपसातले विनोद सुरू झाले. एक म्हणायची "दिवा लावून ठेव," आणि दुसरी हसून लोळायची, आणि मावशीने "म्हणजे काय गं?" विचारलं की "काही नाही, ते सांगून कळायचं नाही" असं उत्तर मिळायचं. कोचावर मुंगी आता मधे बसायची, तोंड वहिनीकडे. मावशीच्या वाट्याला तिची वेणी. सूनबाईने एका भागाला दहापैकी अकरा गुण दिले. मावशी म्हणाली, "दहापैकी अकरा नसतात." त्यावर मुंगी म्हणाली, "असू दे गं मावशी, तिला आवडलाय ना," आणि लिहून टाकले. अकरा! ज्या वहीत मावशीने भल्याभल्यांना साडेचारवर बसवलं होतं, तिच्यात.

मावशी जळत होती. उगाच दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. आपण शहाण्यासुरत्या बाई, आणि सव्वीस वर्षांच्या सुनेवर जळतो, याची तिला लाज वाटे, आणि लाज वाटली की ती आणखी जळे. सूनबाईचं काही चुकलं असतं तर बरं होतं. पण ती मावशीला उशी द्यायची, चहात साखर किती हे लक्षात ठेवायची, आणि "मावशी, तुम्हाला कसं हो सगळं आधीच कळतं?" असं मनापासून विचारायची. माणसाने चिडायचं तरी कशावर?

शेवटचा भाग शुक्रवारी सकाळी आला. मावशीने प्लास्टर ओतलं, मोबाइल मेणाच्या डब्याला टेकवला आणि बघितला. भाग चांगला होता. इतका चांगला, की संपल्यावर तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि बोलायला समोर फक्त प्लास्टरचे अकरा जबडे होते.

नेमकी तेव्हाच सूनबाई मापांचा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"मावशी, उद्या शेवटचा! माझं तर कामात लक्षच नाही. सकाळी डॉक्टरांच्या हातात आरशाऐवजी चिमटा दिला." तिने डबा टेबलावर ठेवला. "माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट ही, जी मी शेवटपर्यंत बघतेय. मुंगी म्हणते दिवेकरी वाचणार. मी पण तेच लिहिलं."

"लिहिलं? कशात?"

"वहीत. मुंगी म्हणाली, वहिनी, आता तूसुद्धा लिहायचं. काल आम्ही दोघींनी अंदाज लिहून खाली सह्या केल्या."

त्या वहीत मावशीने स्वतः कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती सांगायची, मुंगी लिहायची, हीच रीत होती. पाच वर्षांत मुंगीने तिला कधी म्हटलं नव्हतं की मावशी, घे, तूसुद्धा लिही. मावशीच्या डोक्यात तिडीक गेली आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"कसला वाचतोय? दरवाजा तोच लावतो. आतून. आणि आतच राहतो. किल्लीवाली बाहेर रडत बसते. संपलं."

सूनबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. "तुम्ही बघितलात?" तिने विचारलं. मावशीने हातातला जबडा उगाच ब्रशने घासायला घेतला. सूनबाईने लॅबच्या वहीत मापांची नोंद केली, सही केली, आणि "सोमवारी कवळी न्यायला येते" म्हणून निघून गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर मावशीला जरा बरं वाटलं असतं.

दुपारभर मावशीचे हात ठिकाणावर नव्हते. एका आजोबांच्या कवळीत तिने डावा सुळा उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मेण वितळवून दात उपटताना एकच विचार डोक्यात फिरत होता: आता ही घरी जाऊन सांगणार. मुंगीला कळणार की मावशी आधी बघून येते. तीन वर्षांचे सगळे अंदाज खोटे, ते डोळे विस्फारणं फुकटचं. मग शनिवारी आपल्याला तिथे काय काम? वहिनी आहेच की.

शनिवारी डोकं दुखतंय म्हणून कळवावं असं तिने तीनदा ठरवलं आणि पावणेचारला चपला घातल्या.

दार सूनबाईनेच उघडलं. "या मावशी." डोळे जरा सुजलेले होते. आत मुंगी उड्या मारत होती, "लवकर बस गं, लवकर!" म्हणजे सांगितलं नव्हतं. मावशी कोचावर डावीकडे बसली आणि सूनबाईकडे बघायचं टाळू लागली.

भाग सुरू झाला. सूनबाई नेहमीसारखी मध्येमध्ये बोलत होती. "बघ, मी सांगते, तो वाचणार! दोरी आहे ना त्याच्याकडे!" मुंगी म्हणाली, "वहिनी, दोरी तिसऱ्या पुस्तकातच जळली, विसरलीस?" आणि सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. दोघी हसल्या. मावशीला हसू आलं नाही. दोरीचं सूनबाई विसरली नव्हती. मावशीला खोटे दात ओळखता यायचे, तसा हा खोटा अंदाजही ओळखता आला. तीन वर्षं तेच तर काम केलं होतं तिने. फक्त ती स्वतः मोठी दिसावी म्हणून करायची, आणि ही पोर स्वतःला वेडी ठरवून घेत होती, मुंगीचा शेवट शाबूत राहावा म्हणून.

दिवेकरी दरवाजाकडे निघाला. अजून काहीच झालं नव्हतं. तो नुसता चालत होता. सूनबाईने बाजूची उशी उचलली आणि छातीशी धरली. मग दरवाजा लागला, आतून, आणि मुंगी "नाही, नाही, नाही!" म्हणत वहिनीच्या गळ्यात पडली, आणि दोघी रडल्या. सूनबाई खरंच रडत होती. मावशी पडद्याकडे बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं, कारण चष्म्यावर वाफ धरली होती आणि तो पुसायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

भाग संपल्यावर सूनबाई तोंड धुवायला गेली. मावशी चहा टाकायला स्वयंपाकघरात आली, आणि मागून मुंगी आली. नाक लाल झालेलं. ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू वहिनीला सांगितलंस ना?"

मावशीच्या हातातून चमचा पडला. "तिने सांगितलं तुला?"

"ती कशाला सांगेल? तिने उशी आधीच घेतली. तो साधा चालत होता तेव्हा."

मावशी चमचा उचलायला वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली.

"तू चष्मा पुसतेस ना, तसं," मुंगी म्हणाली. "काही व्हायच्या आधी तू नेहमी चष्मा पुसतेस. मला कधीचं माहीत आहे गं. आठवीत होते तेव्हापासून. तू शुक्रवारी बघून येतेस."

"आणि बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? मला आवडायचं. तू चष्मा पुसलास की मला कळायचं, आता काहीतरी भयंकर होणार, म्हणजे मी पाय वर घेऊन बसायचे." ती थोडं हसली, आणि मग हसायची थांबली. "माझं ठीक आहे, मावशी. मी कितीतरी शेवट बघितलेत. पण वहिनीचा हा पहिलाच होता."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही, शेवटी ताई आतून ओरडत आली.

सोमवारी सूनबाई कवळी न्यायला आली. मावशीने कवळी डब्यात ठेवली, डबा पुसला, पुन्हा पुसला. माफी मागायची तिला सवय नव्हती. मतं सांगायची होती.

"शुक्रवारी मी फार वाईट वागले," ती म्हणाली. "मुद्दाम वागले. मला तुझा राग आला होता. तू त्या वहीत लिहिलंस म्हणून."

"मी घरी जाऊन इतकी रडले मावशी," सूनबाई म्हणाली, "यांना वाटलं माहेरची आठवण आली. रविवारी आईकडे सोडतो म्हणाले. आता काय सांगणार, म्हटलं सोडा." तिला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. "मला फार राग आलाय तुमचा. अजून आहे."

"असू दे," मावशी म्हणाली. "ठेव थोडे दिवस."

शुक्रवारी नवी मालिका सुरू झाली. मावशीने प्लास्टर ओतलं आणि मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाऊण तास ती प्लास्टरकडे बघत बसली. प्लास्टर घट्ट होताना बघण्यासारखं त्यात काहीही नसतं, हे तिचं त्या आठवड्यातलं एकमेव मत.

शनिवारी चार वाजता ती ताईकडे गेली, कोचाकडे न वळता सरळ कोपऱ्यात गेली आणि आखूड पायाच्या खुर्चीत बसली. मुंगीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा वहीकडे, आणि मालिका लावली. सूनबाई डावीकडे बसली. मावशीच्या जागेवर. मावशीला ते दिसलं, झोंबलं, आणि खुर्ची डुगडुगली.

मालिका एका दीपस्तंभाची होती. पहिल्या दहा मिनिटांत मावशी म्हणाली, "हा म्हातारा लबाड आहे. दात बघा त्याचे." तो म्हातारा लबाड नव्हता, पंधराव्या मिनिटाला त्याने बुडणारं पोर वाचवलं. मुंगीने वही उघडली आणि लिहिताना मोठ्याने म्हणाली, "मावशी. चुकलं." तिचे डोळे चमकत होते. मावशीला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही; थोडं लागलंच.

मग पडद्यावर नुसता समुद्र आला, शांत. खिडकीतून ऊन येऊन मावशीच्या काचांवर बोटांचे ठसे दिसायला लागले होते, म्हणून तिने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली.

कोचावर एकदम हालचाल झाली. मुंगीने पाय वर घेतले. आणि तिच्या शेजारी सूनबाईने, पडद्यावरची नजर न हलवता, उशी ओढून छातीशी घट्ट धरली.

म्हणजे हेही तिला सांगून झालं होतं. मावशी पुन्हा जळली, चांगलीच. ती चष्मा हातात धरून बसून राहिली. दोघी श्वास रोखून वाट बघत होत्या.

काहीच झालं नाही. समुद्र तसाच राहिला, एक बोट आली आणि गेली.

"मावशी!" दोघी एकदम ओरडल्या आणि तिच्याकडे वळल्या.

"मला काय विचारता?" मावशी म्हणाली. "मला काय माहीत पुढे काय होणार ते."